वेगळी चूल

गल्लीत तिला सगळे मोठी म्हणत. पाळण्यातलं नाव विचारलं असतं तर तिलाही क्षणभर आठवावं लागलं असतं. मोठी म्हणजे मोठी जाऊ. ज्या अर्थी मोठी होती त्या अर्थी धाकटीही होतीच, आणि या दोघींना वेगवेगळं कुणी पाहिलेलं नव्हतं. पाण्याला दोघी, बाजाराला दोघी, आणि दुपारी दारात पाय पसरून शर्टांच्या ढिगाऱ्याशी बसलेल्या, त्याही दोघीच. एकीला हाक मारली तर दुसरी ओ द्यायची.

काम धागे कापायचं. कारखान्यात शिवलेले शर्ट गठ्ठ्यानं घरी यायचे. शिलाई झाली की शर्टाला जागोजागी धाग्यांची टोकं लोंबत राहतात. ती छोट्या कातरीनं कापायची, शर्टाची घडी घालायची, आत पुठ्ठा सारायचा, टाचण्या लावायच्या. मोठी कापायची, धाकटी घडी घालायची. मोठीचा हात ठरलेला. आधी कॉलर, मग कफ, मग बटणपट्टी, मग खालचा घेर. आणि हात चालू असेपर्यंत तोंड बंद नाही. गठ्ठे आणून देणाऱ्या मालवाल्याची ती अशी नक्कल करायची की एकदा तो स्वतः दारात येऊन उभा राहिला तरी कुणाला कळलं नाही, खरा कोणता ते. लोक म्हणत, "मोठे, तू नाटकात जायला हवी होतीस." ती म्हणे, "गेले असते तर तुम्हाला फुकट कुणी दाखवलं असतं?"

धाकटी मुलखाची अबोल. हसायची तीसुद्धा पुठ्ठा तोंडाशी धरून. पण ती हसली की मोठीचा जीव सुपाएवढा व्हायचा, कारण सगळी नक्कल त्या एका हसण्यासाठीच चाललेली असायची.

दोघींचे नवरे सख्खे भाऊ. थोरला गवंडी, धाकटा रंगारी. गावात पोट भरेना म्हणून आले, आणि शहराच्या टोकाला जिथं नुसता चिखल आणि डास होते तिथं राडारोडा टाकून त्यांनी एकमेकांना लागून दोन खोल्या उभ्या केल्या. तेव्हा त्या जागेला कुत्रं विचारत नव्हतं. रंगाऱ्याचं लग्न झालं त्याच आठवड्यात गवंड्यानं हातोडा घेतला आणि मधली भिंत पाडून टाकली. म्हणाला, "दोन चुली म्हणजे दोन राज्यं. मला सरहद्दीवर पहारा द्यायचा नाही." पुढे तो एका साध्या तापानं गेला. मोठीला मूलबाळ नव्हतं. विधवा जाऊ कुणाकडे राहणार, असा प्रश्न एरवी चार माणसांत उठला असता. त्या घरात उठलाच नाही, कारण घराला दोन बाजूच नव्हत्या.

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी. तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

धाकटीला पहिला मुलगा झाला तेव्हा गल्लीला उमगेना, बाळंतीण नक्की कोण. मिरवत होती मोठीच. काही महिन्यांचा असताना त्याला ताप भरला. धाकटीनं कित्येक रात्री डोळ्याला डोळा लागू दिला नाही. मग एका दुपारी ताप उतरला. मोठीच म्हणाली, "पड जरा. आता धोका नाही." धाकटी मुलाला कुशीत घेऊन पडली आणि तिला गाढ झोप लागली. मोठी तयार माल पोचवून परत आली तेव्हा धाकटी झोपलेलीच होती आणि मूल गेलेलं होतं.

डॉक्टर म्हणाला, त्याचं हृदयच कमजोर होतं, तू जागी असतीस तरी काही करता आलं नसतं. धाकटीला ते पटलं नाही. ती एकच वाक्य बोलायची, "मी निजले." जेवायला वाढलं तरी तेच, अंघोळीला उठवलं तरी तेच. त्यानंतर तिनं झोपणंच सोडलं. मोठीनं तिला सांभाळली. भरवलं, न्हाऊ घातलं, रात्र रात्र शेजारी बसून काढली, आणि दिवसातून शंभरदा सांगितलं, "तुझा दोष नाही गं. शपथ घेऊन सांगते, तुझा काही दोष नाही." औषधाची गोळी द्यावी तसं ते वाक्य ती रोज देत राहिली. खूप महिन्यांनी धाकटीला झोप यायला लागली. मग मुलगी झाली, तीही मोठी होऊन शाळेत जाऊ लागली, आणि घर पुन्हा हसायला लागलं. मोठीच्या हातून आयुष्यात एखादं मोठं काम झालं असेल तर ते हे.

इकडे शहर वाढत वाढत त्या चिखलापर्यंत आलं. ज्या जागेला कुत्रं विचारत नव्हतं तिथं मोटारीतून माणसं उतरून नाकाला रुमाल लावून मापं घेऊ लागली. आजूबाजूला काचेच्या इमारती उठल्या आणि गल्लीवर दुपारीच सावली पडायला लागली. मग एक दिवस कळलं, गल्ली पाडणार. ज्याची खोली आहे त्याला त्याच जागेवर उंच इमारतीत पक्कं घर मिळणार. नळ आत, संडास आत, खिडकीला काच. पण घर मोजणार चुलीवर. दार वेगळं, चूल वेगळी, मधे भिंत, तर घरं दोन. एकत्र रांधत असाल तर घर एक, मग माणसं कितीही असोत.

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात घरोघरी दोन-दोन चुली झाल्या. बाप-लेक वेगळे झाले, सख्खे भाऊ वेगळे झाले, एका म्हाताऱ्यानं तर बायकोपासून वेगळं होऊन पाहिलं, पण ते मोजणीला येणाऱ्या साहेबांना मान्य झालं नाही. विटा मिळेनाशा झाल्या. रात्रीत भिंती उठू लागल्या आणि त्या वाळाव्यात म्हणून लोक त्यांच्यासमोर शेगड्या पेटवून बसू लागले. पण मोजणीवाला काही दुधखुळा नव्हता. अशा किती गल्ल्या त्यानं मोजून काढल्या होत्या. तो भिंतीला बोट लावून ओल पाहायचा, आणि ती कोरडी निघाली तर शेजाऱ्यांना विचारायचा, "हे दोघं बोलतात का एकमेकांशी?" म्हणून मग लोक भांडायला लागले. भर गल्लीत, साक्षीदार ठेवून, रोज संध्याकाळी. ज्यांना भांडता येत नव्हतं ते दुसऱ्यांची भांडणं बघून शिकले.

मोठीच्या घरी भिंत घालायचं ठरलं ते मोठीच्याच डोक्यातून. एकच घर मिळालं तर त्या एका खोलीत चार माणसं. मुलगी मोठी होणार, तिला अभ्यासाला कोपरा लागणार. मग घरात जास्तीचं माणूस कोण, हे आज नाही तरी उद्या कुणाच्या तरी मनात येणार. ते तिला मनात येऊ द्यायचं नव्हतं. दोन घरं शेजारी शेजारी मिळवायची, मधे दार पाडायचं आणि पुन्हा होतं तसं राहायचं, एवढाच तिचा बेत. धाकटीला ते आवडलं नव्हतं. "मधे भिंत कशाला, जाऊबाई? नकोच ते." मोठी म्हणाली, "अगं, काठी मारली म्हणून पाणी दुभंगतं का?"

भिंत रंगाऱ्यानं घातली आणि तिच्यावर आपलं सगळं कसब ओतलं. आयुष्यभर जुन्या भिंती नव्या दाखवल्या होत्या, आता नवी भिंत जुनी दाखवायची. त्यानं फिका रंग देऊन वर काजळी धरली. हात पुसल्याचे तेलकट डाग उमटवले. मुलीकडून पेन्सिलीच्या रेघोट्या मारून घेतल्या. एक खिळा ठोकला आणि त्याच्याखाली चौकोनी फिकट जागा सोडली, जणू वर्षानुवर्षं तिथं आरसा टांगलेला होता. दोन दिवसांनी मोठी त्या भिंतीकडे बघून म्हणाली, "भावजी, मला आता वाटायला लागलंय, ही पूर्वीपासूनच होती." सगळे हसले.

भिंत जमली. भांडण जमेना. जेवणं झाली की मोठी तालीम घ्यायची.

"तू म्हण, ही वांझोटी आमच्या जिवावर बसून खाते."

"मी नाही म्हणणार," धाकटी म्हणाली.

"अगं, खोटं खोटं."

"खोटंसुद्धा नाही."

"मग म्हणणार तरी काय?"

धाकटीनं पुष्कळ विचार केला. "म्हणेन, तुम्ही भाजीत मीठ जास्त घालता."

रंगारी म्हणाला, "वहिनी, असल्या भांडणावर अर्धी खोलीसुद्धा मिळायची नाही."

मोजणीवाला आला तो शनिवार होता. मुलगी शाळेत गेली होती. अख्खी गल्ली दाराशी जमली, कारण मोठीचं भांडण म्हणजे फुकटचा खेळ, तो कोण सोडणार? साहेबांनी भिंतीला बोट लावलं, बोटाकडे पाहिलं, खिळ्याखालचा फिकट चौकोन पाहिला आणि मान हलवली. "भिंत जुनी आहे." रंगाऱ्याच्या जिवात जीव आला. दोन दारं पाहिली, दोन शेगड्या पाहिल्या. मग साहेब बाहेर आले आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "काय बाई, जावेशी बोलता की नाही?"

"बोलते?" मोठीनं कमरेवर हात ठेवले. "मी हिचं तोंडसुद्धा बघत नाही. सकाळी ही दिसली की माझा दिवस वाया जातो."

लोक खूश झाले. आता पाळी धाकटीची. ती लाल झाली, खाली बघू लागली, आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हणाली, "मीपण नाही बघत यांचं तोंड. जाऊबाई, तुम्ही भाजीत मीठ फार घालता."

हशा पिकला. साहेबही हसले. मग म्हणाले, "म्हणजे भाजी एकत्रच होते तर." आणि खिशातलं पेन काढलं. "एकच चूल."

मोठीला पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं. भिंत, काजळी, तालमी, सगळं त्या चिमूटभर मिठात विरघळलं. तिला एकच खोली दिसली, तिच्यात ते तिघं आणि दाराशी वळकटी घेऊन ती. पुढचं ती विचार करून बोलली नाही, असं ती स्वतःला नंतर अनेकदा सांगणार होती. पण ते बोलली तीच.

"भाजी?" ती कडाडली. "हिच्या हातचं पाणी पिणार नाही मी! आजारी पोर कुशीत आणि ही बया ढाराढूर निजली! तू निजलीस म्हणून गेला तो. तू मारलंस त्याला. असल्या बाईच्या चुलीवर मी रांधीन?"

हसणं जिथल्या तिथं थांबलं. धाकटीनं मान वर केली आणि मोठीकडे पाहिलं. तिच्यापाशी उत्तर होतं. "तुम्हीच म्हणालात, पड जरा." एवढं म्हणाली असती तरी त्या चव्हाट्यावर मोठीचं तोंड काळं झालं असतं, आणि ते खरंही होतं. तिचे ओठ हलले. पण ती वळली, आपल्या दारातून आत गेली आणि दार लावून घेतलं.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "दोन," असं ते पुटपुटले आणि लिहून पुढच्या घराकडे वळले. दोन घरं पदरात पडली.

साहेब गल्लीबाहेर जाईपर्यंत मोठी जागची हलली नाही. मग धावत फिरून धाकटीच्या दाराशी गेली. दार आता उघडं होतं. धाकटी शर्टाची घडी घालत होती.

"अगं, नाटक होतं ते!" मोठी धापा टाकत म्हणाली. "तू मिठाचं काढलंस, मग मी काय करणार होते?"

"माहीत आहे," धाकटी म्हणाली. "नाटकच होतं. दोन लिहिली ना?"

"दोन."

"बरं झालं."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. मोठीला हायसं वाटलं. संध्याकाळी ती सवयीनं कांदा चिरायला जाऊन बसली, तर धाकटी म्हणाली, "जाऊबाई, साहेब पुन्हा फिरकले तर? भिंत पडेपर्यंत वेगळंच रांधू या." बोलणं शहाणपणाचं होतं. त्यात चूक काढायला जागा नव्हती. मोठी आपल्या खोलीत गेली आणि एकटीपुरता भात टाकला. आयुष्यात पहिल्यांदाच ती एकटीपुरतं रांधत होती, तिला अंदाज आला नाही. उरलेला भात ती पातेल्यात तसाच बघत बसली.

गल्लीतल्या बायका मात्र दुसऱ्या दिवशी येऊन पाठ थोपटून गेल्या. "मोठे, काय वठवलंस गं! आम्हाला तर खरंच वाटलं."

गल्ली पडली. सगळ्यांना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला पत्र्याच्या लांबलचक चाळींत नेऊन ठेवलं. वर्षभरात घरं देतो म्हणाले होते. वर्षं गेली आणि वर आणखी गेली. तिथंही दोघींच्या खोल्या शेजारी होत्या आणि मधे पत्रा होता. धाकटीचं वागणं असं की कुणी बोट दाखवू नये. मोठीला सर्दी झाली तर काढा, पाणी आलं की मोठीची कळशी आधी. गरम भाजी वाटीत झाकून मुलीच्या हाती यायची. पूर्वी त्या घरात कधी वाटी आली नव्हती की गेली नव्हती. सगळं एकाच पातेल्यात असायचं. आणि मोठी कुणाची नक्कल करू लागली की धाकटी काहीतरी आठवल्यासारखी आत निघून जायची.

मालवाला तिथंही यायचा, पण आता दोघींचे गठ्ठे वेगळे. एकदा त्यानं मोठीचा अख्खा गठ्ठा परत आणून टाकला. "मोठे, डोळे तपासून घे. निम्म्या कफांना धागे तसेच आहेत. पूर्वी असं नसायचं." मोठीनं एक शर्ट उजेडात धरला. धागे होते, आणि तिला ते दिसले नव्हते. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हे आजचं नाही. डोळे कधीचेच अधू झालेले होते. घडी घालता घालता धाकटी तिचे राहिलेले धागे गुपचूप कापत होती, आणि ते तिला कळू देत नव्हती. किती वर्षं, देव जाणे. मोठी तो शर्ट हातात धरून रडली. मग तोंड धुऊन पलीकडे गेली.

"तू माझे धागे कापायचीस. बोलली नाहीस कधी."

"त्यात काय बोलायचं?" धाकटी म्हणाली. "ठेवा तो गठ्ठा, बघून देते." तासाभरात गठ्ठा तयार होऊन आला, मुलीबरोबर.

त्याच मुलीनं पुढे कधीतरी बोलता बोलता सांगितलं, "काकू, आई रात्री झोपतच नाही. बसून असते. मी नुसती कूस बदलली तरी नाकाशी बोट धरते."

मोठीनं माफी मागायची ठरवली, आणि मागितलीही, एकदा नाही, तीन-चारदा. पण तिची माफीसुद्धा तिच्यासारखीच. थोडी थट्टा, थोडा आव, स्वतःच्याच थोबाडीत मारून दाखवणं. "या जिभेला डाग दे गं एकदाचा!" धाकटी दर वेळी म्हणायची, "अहो, मी काही मनात धरलं नाही." आणि ते ऐकून मोठीला वाटायचं, हिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर मी देवाला नारळ फोडला असता.

तिला आशा एकाच गोष्टीची होती. दार. नव्या घरात मधे दार झालं की सगळं आपोआप सुरळीत होईल. येता-जाता बोलणं होईल, भांड्याला भांडं लागेल, पुन्हा एका पातेल्यात रांधलं जाईल. भिंतीनं बिघडवलं ते भिंत गेली की सुधारेल. पत्र्याच्या खोलीत ती यावरच दिवस ढकलत होती.

अखेर इमारत उभी राहिली. इतकी उंच की मान मोडून बघावी लागे. सोडतीत गल्लीतली माणसं कुठच्या कुठं विखुरली. खोटं भांडलेल्यांतले किती तरी जण तोवर खरेच भांडून बसले होते. दुसरं घर कुणाचं, यावरून भाऊ भावाचं तोंड बघत नव्हते. पण मोठीची आणि धाकटीची दारं एकाच मजल्यावर, एकमेकींना लागून आली. मोठीनं किल्ली कपाळाला लावली. म्हणाली, "बघा भावजी, वरच्यालाही पटलंय."

राहायला येऊन सामान लागतंय न लागतंय तोच तिनं रंगाऱ्यामागं धोशा लावला. तो बिचारा एका गवंड्याला घेऊन आला. गवंड्यानं धाकटीच्या बाजूनं भिंत ठोकून पाहिली. "ही नुसती आडभिंत आहे, वजन घेत नाही. दार निघेल." त्यानं पेन्सिलीनं चौकट आखली. मोठी तिथंच उभी राहून हातवारे करून सांगत होती, दार इतकं रुंद हवं की गठ्ठा आडवा जाईल, आणि उजेड या खिडकीतून येतो तर आपण बसायचं इथं. किती दिवसांनी तिच्या आवाजाला धार आली होती. आतून धाकटी ओले हात पुसत आली आणि चौकटीकडे पाहत राहिली.

"दार नको," ती म्हणाली.

"अगं, ठरलं होतं ना आपलं?" रंगारी म्हणाला.

"ठरलं होतं." ती मोठीकडे वळली. "जाऊबाई, मधे दार असलं की तुम्ही माझ्यावर विसंबून राहाल. रात्री बरं वाटेनासं झालं तरी म्हणाल, धाकटी आहे पलीकडे. आणि मी निजले असले तर?"

तिनं ते टोचून म्हटलं असतं तर मोठीला सोसलं असतं. पण ती टोचत नव्हती. जिन्याची पायरी मोडलीय, जपून उतरा, असं सांगावं तितक्या काळजीनं ती सांगत होती. मोठीला तेव्हा पुरतं कळलं की आपण काय करून बसलो. जे वाक्य वर्षानुवर्षं रोज देऊन तिनं हिला जगवलं होतं ते तिनं एका दमात काढून घेतलं होतं.

"धाकटे, मी खोटं बोलले होते," मोठी म्हणाली. यात थट्टा नव्हती, आव नव्हता.

"कधी?"

"म्हणजे?"

"खोटं कधी बोललात? त्या दिवशी साहेबांसमोर, की त्याच्या आधी इतकी वर्षं? तेव्हा माझं मन राखायला बोलत असाल तर तसं सांगा. मला राग नाही. पण एकदा काय ते खरं सांगा. तुम्ही म्हणाल ते मी मानेन."

रंगारी खाली बघत होता. गवंडी पेन्सिल कानावर ठेवून बाहेर बघायला लागला.

उत्तर दोन शब्दांचं होतं. त्या दिवशी. मोठीला ते ठाऊक होतं, देवाशपथ ठाऊक होतं. पण ते म्हणायचं कसं? हिला खरं वाटेल असा आवाज कोणता? आयुष्यभर तिनं इतक्या माणसांचे इतके आवाज काढले होते, रडवे, शपथेवरचे, काकुळतीचे, की आता मनात जो येई तो तिला कुणाची तरी नक्कलच वाटे. चव्हाट्यावर खोटं बोलताना शब्द कसे घडाघडा आले होते. ती खरा आवाज शोधत राहिली, आणि धाकटी तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"त्या दिवशी," मोठी म्हणाली. फार उशीर झाला नव्हता. पण झाला होता.

"बरं," धाकटी म्हणाली. मग ती गवंड्याकडे वळली. "तुमची खेप फुकट गेली हो. चहा घेऊन जा."

तिनं चहा ठेवला, चौघांचा, मोठीचा धरून. मोठीनं तो उभ्यानंच घेतला. पिऊन झाल्यावर, एकत्र होत्या तेव्हा करायची तसं, कप विसळायला ती मोरीकडे निघाली, तर धाकटीनं पुढे होऊन तो हळूच तिच्या हातातून काढून घेतला.

"राहू द्या, जाऊबाई," ती हसून म्हणाली, पाहुण्यांना म्हणतात तसं. "मी धुते."